नाकबाई आणि आमची विहीर

आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई गावात कुणाच्याही घरी पाणी पीत नसत. तळेगावहून स्कूटीवर यायच्या, डिकीतली स्वतःची बाटली काढायच्या आणि आमच्यादेखत घटाघटा प्यायच्या. दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देणाऱ्या गावाला यापेक्षा मोठा अपमान माहीत नाही. गावाने त्यांचं नाव नाकबाई ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं. गावात एक तरी नाक आहे म्हणायचं."

प्लास्टिकच्या पिशवीने चूल पेटवणाऱ्या माझ्या आईला त्या म्हणाल्या, "मावशी, त्यापेक्षा सरळ बिड्या ओढा." आई दोन दिवस हसत होती, पिशव्या काही तिने सोडल्या नाहीत. आमच्या सरपंचांनी कंपनीतलं औषधाचं निळं पिंप आणून त्यात पाणी साठवलं होतं. त्यांना बाईंनी विचारलं, "त्यावर कवटी छापलीये ती काय नक्षी म्हणून?" सरपंचांनी त्या जागी चुना फासला आणि पिंप तसंच वापरलं. असल्या गावात बाईंनी गोड बोलून काय मिळवलं असतं?

मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला. विहिरीत रोज जंतू मारायची टीसीएल पावडर टाकणं हे माझं काम, आणि नेमकं तेच मी करत नव्हतो. पावडर टाकली की चहाला वास येतो म्हणून बायका भांडायच्या आणि भाताला वास येतो म्हणून पुरुष. सगळ्यांचं भलं म्हणून मी पोतं पंचायतीच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला एका मुंबईकराचा बंगला झाला होता. भाज्याची लेणी बघून आलेली तीस-चाळीस माणसं दर शनिवारी तिथे नाचायची आणि त्यांचं सगळं एका शोषखड्ड्यात जायचं. खड्डा वर, विहीर खाली. हे कळायला बारावी पास व्हावं लागत नाही, आणि मी तर झालो होतो. पण बंगल्यावर वाढप्याचं काम मिळतंय म्हणून अख्खं गाव खूश होतं.

त्या पावसाळ्यात घराघरांत कावीळ आली. माझी वहिनी पाच महिन्यांची पोटुशी होती. तिचे डोळे पिवळे झाले, अन्न ठरेना. आम्ही तिला झाडपाल्याचं औषध देत बसलो. बाईंना कुठून तरी कळलं आणि त्या थेट दारात आल्या. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

आम्ही बौद्ध. या विहिरीवर आमच्या माणसांनी हात पसरून ताटकळत उभं राहायचं, वरून कुणी ओतेल तेवढंच न्यायचं, हे आबांनी त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. नाकारलेल्या पाण्याचा त्यांना एकच अर्थ ठाऊक होता.

"आमच्या हातचं पानी चालत न्हाई तुमाला," आबा म्हणाले. "मग आमची सून कशाला तपासता? जावा."

"पाटलांकडेही पीत नाही मी. विचारून या जा," बाई म्हणाल्या आणि आबांना ओलांडून आत शिरल्या. माठातलं पाणी त्यांनी काचेच्या नळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी आबांच्या डोळ्यांसमोर धरली. "पावडर टाकलेली असती तर हे पिवळं झालं असतं. बघा."

पाणी जसंच्या तसं राहिलं.

"आबा, मला या पाण्यात तुमची जात दिसत नाही. बंगल्यावरच्यांचा गू दिसतो. आणि या तुमच्या चिरंजीवांचा आळस."

आबा बाजूला झाले. बाईंनी रुग्णवाहिका बोलावली आणि स्वतः वहिनीबरोबर गेल्या. वहिनी वाचली. पोटातलं गेलं. घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. वहिनीसुद्धा नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. बाई मात्र पंचायतीत आल्या, पोत्याला लाथ घातली आणि म्हणाल्या, "ऊठ. टाक." तेव्हापासून मी रोज पावडर टाकतो. बायका भांडतात. बाईंनी जसं सुनावलं असतं तसं मी त्यांना सुनावतो. जन्मात मला कुणी इतकं घालूनपाडून बोललं नाही, आणि बाईंइतकं कुणी आवडलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. सरपंचांनी शाल-नारळ आणून भाषण ठोकलं: बाई म्हणजे गावाची लेकच. बाई म्हणाल्या, "शाल ठेवा. तो खड्डा तेवढा हलवा." लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. खड्डा अजून तिथेच आहे.

निघताना त्या वहिनीपाशी थांबल्या. तिला पुन्हा दिवस गेले होते. "हिला पावसाळाभर माहेरी ठेव," त्या मला म्हणाल्या.

"माहेरी सातव्यात धाडत्यात बाई. आन आता मी रोज टाकतोय की पावडर."

"टाकतोस. पण तो खड्डाही रोज झिरपतो." पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तुझं तू सांग. देशील हिला हे पाणी?"



आठवड्याने मी, गावाचा पाणीवाला, वहिनीला गाडीवर बसवून आंदर मावळात तिच्या माहेरी सोडून आलो. परतल्यावर विहिरीत पावडर टाकली. बायका हंडे घेऊन आल्या आणि पाणी भरून गेल्या. वहिनीला माहेरी का सोडली, ते मी कुणालाच सांगितलं नाही.