गोठ्याच्या भिंतीवरचा वर्ग

आता शाळेत कॉम्प्युटर आलेत. मास्तर पोरांना पडद्यावर कुणीकुणी लिहिलेलं उघडून दाखवतात आणि म्हणतात, वाचा. चांगलंच आहे. पण मराठी शिकवणाऱ्या देवकाबाईंसमोर कुणी याची फुशारकी मारू नये. त्यांनी हेच काम सत्त्याऐंशी साली, तेव्हाच्या आंध्रातल्या वांकिडीजवळच्या एका गावात, म्हशी बांधायच्या गोठ्याच्या भिंतीवर केलं होतं आणि त्यापायी बोलणीही खाल्ली होती.

झालं असं, की त्या साली मराठीची पुस्तकं आलीच नाहीत. तेलुगू वर्गाची वेळेवर आली. मराठीची आज येतील, उद्या येतील, असं करता करता दसरा उलटला. हेडमास्तर तेलुगू, माणूस भला, पण तेही हात वर करून मोकळे. तिसरीच्या पोरांना वाचायला द्यावं तरी काय? बाई चिडल्या. आणि बाई चिडल्या, की बोलत बसायच्या नाहीत, पदर खोचून कामाला लागायच्या. शाळेला लागून सुधाकररावांचा गोठा होता. त्याची लांबलचक भिंत अगदी रस्त्यावर. बाई सरळ त्यांच्या घरी जाऊन भिंत मागून आल्या.

"घ्या ना बाई," सुधाकरराव म्हणाले. "भिंत काय पयून जाते काय?"

पोरांनी टॉर्चचे जुने सेल फोडले, आतली काजळी कुटून पाल्याच्या रसात कालवली आणि भिंत काळीभोर केली. मग बाईंनी नियम घातला. रोज सकाळी एकाने काल काय पाहिलं ते भिंतीवर लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. ऐकलेलं चालणार नाही, डोळ्यांनी पाहिलेलंच हवं. धडाही त्याचाच, गणितही त्यातलंच. कुणाची म्हैस व्याली, कुठली बस चिखलात रुतली, बाजारहत्नूरचा मामा पिशवीतून काय घेऊन आला. हळूहळू येणारे-जाणारेही खडू उचलून खाली आपलं म्हणणं टाकायला लागले. रेडकाचं नाव काय ठेवावं यावरून तर अर्धं गाव भिंतीवर भांडलं! पोरं भराभर वाचायला लागली, बाई खूश झाल्या, आणि त्या खुशीत त्यांचं लक्ष जरा सुटलं.

कापूस घरात यायचे दिवस होते. विकायच्या आधी कापसावर थोडं पाणी मारायचं, म्हणजे वजन भरतं. गावात हे बरेच जण करत आणि सगळेच जाणत, पण तोंडातून कुणी काढत नसे. त्या सकाळी लिहायची पाळी होती सोजरची. आठ वर्षांची ही पोर सुधाकररावांचीच. बाई आत हजेरी घेत होत्या, तेवढ्यात तिने लिहिलं, "काल बाबांनी कापसावर पाणी मारलं. मी बादली धरली."

पलीकडून, महाराष्ट्रातल्या राजुऱ्याहून रोज गाडी घेऊन येणारा कापसाचा व्यापारी त्याच रस्त्याने आला. त्याने वाचलं, पोट धरून हसला, सुधाकररावांच्या अंगणात जाऊन कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि ओला पंजा चारचौघांना दाखवत माल न घेताच निघून गेला.

मग काय विचारता! सुधाकररावांनी तो दिवस कसाबसा काढला आणि दुसऱ्या सकाळी चुन्याची बादली घेऊनच आले. दुसऱ्या हातात सोजरचं बखोट. मागे निम्मं गाव.

"बाई, हेच शिकवून राह्यल्या का तुमी? बापाची अब्रू रस्त्यावर मांडाले?"

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "मी आधी वाचायला पाहिजे होतं."

"तुमचं राहू द्या. हिनं आता सगळ्यायसमोर लिहावं, का ते खोटं होतं. नाही लिह्यलं, तर भिंतीले चुना अन् उद्यापासून हिची शाळा बंद! घरी कापूस वेचाले हात कमीच पडून राह्यले."

सोजरची आई, विमलबाई, गर्दीत उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला.

बाईंनी चुन्याच्या बादलीकडे पाहिलं. भिंत गेली तर दुसरी शोधता येईल. पण ही पोर एकदा शाळेतून उठली, की परत यायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'लिही बाळा, एवढं एक खोटं लिहून टाक,' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण रोज ज्या तोंडाने पाहिलेलंच लिहा म्हणायचं, त्याच तोंडाने हे कसं म्हणायचं? त्यांना स्वतःचाच संताप आला.

त्यांनी सोजरच्या हातात खडू दिला. "रोजचंच काम आहे बाळा. काल काय पाहिलंस, ते लिही."

सोजरने फ्रॉकला नाक पुसलं. भिंतीला चिकटून, बारीक बारीक अक्षरांत ती लिहायला लागली. बाईंना मान वर करवेना. पोर बाजूला झाली, तेव्हा कुठे त्यांनी वाचलं.

"काल बाबांनी सगळा कापूस उन्हात पसरला. मी शेळ्या हाकलल्या. आता कापूस कोरडा आहे."

सुधाकरराव पुढे झाले. भिंतीला नाक लावून त्यांनी ओठ हलवत वाचलं आणि पुन्हा वाचलं. यात खोटं काढायला जागाच नव्हती.

"खरं हाये बाप्पा," मागून धोंडीबा म्हणाला. हा त्यांचा शेजारी. "मी पाह्यला वाळताना. आमचाच ओला हाये अजून!"

गर्दी खो खो हसली. सुधाकरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी बादली खाली ठेवली. व्यापाऱ्याची गाडी यायची वेळ झाली होती. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि पोरीवर खेकसले.

"एवढं बारीक काऊन लिह्यलं? मोठं लिही! गाडीतून वाचता आलं पाहिजे."