गंगापूर रोड निघाला भूकंपाला

आम्हा डॉक्टर लोकांना पेशंटची नावं आठवत नाहीत, किस्से मात्र तोंडपाठ असतात. उत्तरेतल्या डोंगरात भूकंप झाला तेव्हा नाशिकच्या आमच्या गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलची टीम आठ दिवस तिकडे होती. ते किस्से अजून पुरतायत. मी भूलतज्ज्ञ. टीमचे प्रमुख आमचे सर, हाडांचे नामांकित सर्जन. तिसरे बागूल मामा, मूळचे नामपूरचे, तीस वर्षं प्लास्टर घालणारे. मामांना नेलं होतं ते "सामान उचलायला माणूस लागेल" म्हणून.

*

सरांनी सोबत दोन पेट्या भरून प्लेटा, स्क्रू आणि ड्रिल घेतलं. मामांनी घेतल्या बांबूच्या कामट्या आणि जुन्या चादरी. सर म्हणाले, "बागूल, मांडव घालायचाय का?"

पोचलो तर वीज नाही. जखमांत माती इतकी, की आत लोखंड बसवलं तर पू ठरलेला. करायचं एवढंच, की जखम धुवायची, उघडी ठेवायची आणि हाड हलू नये असं बांधायचं. तिसऱ्या दिवशी सर अगदी गोड आवाजात मामांकडे कामट्या मागायला आले. पेट्यांचा उपयोग झाला, नाही असं नाही. आम्ही त्यांच्यावर बसून चहा प्यायचो.

*

माझंही ऐका. पहिलाच पेशंट, ढिगाऱ्यातून काढलेला, मांडीचं हाड मोडलेलं. भूल देण्याआधीचा ठरलेला प्रश्न मी सवयीने विचारला, "आखिरी बार खाना कब खाया?"

तो म्हणाला, "परसों."

मी कागदावर लिहिलं: पोट रिकामं, भूल द्यायला हरकत नाही. लिहून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली.

*

कुणाला आधी बघायचं हे कळावं म्हणून सरांनी रंगीत फिती आणल्या होत्या. लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे थांबू शकेल, हिरवी म्हणजे चालत जाईल. व्यवस्था इतकी उत्तम, की लोकांना ती एका दुपारीच समजली. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं मैदान लाल! कुणी ओढणी फाडली होती, कुणी पडदा. एका बकरीच्या गळ्यातही लाल चिंधी होती. सर कपाळाला हात लावून बसले.

हॉस्पिटलात लागण्याआधी मामांची पोरवयाची वर्षं बाजारात कांदा निवडण्यात गेलेली. फितीकडे ढुंकूनही न बघता, एकेकाच्या पायाच्या बोटाचं नख दाबून रक्त परत येतंय का बघत ते पुढे सरकत राहिले. मला म्हणाले, "मॅडम, जो वरडस तो जित्ता शे. जो चूप शे, तेले पहिले देखा."

हेच वाक्य सरांनी पुढे एका परिषदेत इंग्रजीत, स्लाइडवर दाखवलं. खाली नाव सरांचंच होतं.

*

पाचव्या दिवशी वरच्या गावातून एका बाईला खाटेवर घालून आणलं. भिंतीखाली सापडलेला पाय गुडघ्याखाली काळा पडलेला, आणि विष अंगात भिनत चाललेलं. पाय कापला तर बाई जगणार, नाही तर संध्याकाळ दिसणंही कठीण. बाई पूर्ण शुद्धीवर होती. सरांनी संमतीचा फॉर्म काढला आणि आमच्या नाशिकच्या पद्धतीप्रमाणे विचारलं, घरातलं पुरुष माणूस कोण आहे?

नवरा लांब शहरात कामाला, त्याचा फोन लागेना. सासरे म्हणाले, माझ्या थोरल्या मुलाला विचारतो. थोरला म्हणाला, वडील असताना मी कशी सही करू? मग सरपंचाला बोलावलं. त्यांचं म्हणणं, हा घरचा मामला आहे. तासभर तो फॉर्म मैदानात फिरत होता, आणि पेन घेऊन त्याच्यामागे फिरणारी मीच होते. तिचा ताप चढत होता.

शेवटी ती कोपरावर भार देऊन उठली आणि सरांना म्हणाली, "डॉक्टरसाहब, जिसका दस्तखत चाहिए, उसी का पैर काट लो."

सरांनी फॉर्म तिच्या हातात दिला आणि ते ऑपरेशनसाठी हात धुवायला गेले.