मुसळीचा वाफा

साहेब लोकांना बाग हिरवीगार दिसली पाहिजे. जमिनीखाली काय आहे ते पाहायला वाकावं लागतं, आणि वाकायची सवय त्यांना फक्त वरच्या साहेबापुढे.

ऐंशीच्या दशकात कुरखेड्याच्या पुढच्या जंगलात एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवत होतो. शाळेत वनौषधी उद्यान करा, असा हुकूम आला. मला निंबाशिवाय झाड ओळखू येत नव्हतं, पण पाट्या मात्र मी झकास रंगवल्या. झाडं लावली ती जवळच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, एका गोंड म्हातारीनं. अख्खा टोला दुखलं-खुपलं की तिच्याकडेच जायचा. दर मंगळवारी बाई यायची, पोरांना वाफ्याशी बसवायची, मुळं हुंगायला लावायची. मीही मागं बसायचो. आठवड्यातून तेवढाच एक तास मला काही कळतंय असं वाटायचं.

पांढऱ्या मुसळीचे कंद तिनं आपल्या डोंगरावरून आणले होते. तिथली बाकी मुसळी ठेकेदाराच्या माणसांनी पोत्यांनी उपसून नेली होती. बियाण्याला उरलं ते एवढंच. "हे जगलं तं डोंगरावर पुन्हा लावतो मी," ती म्हणाली होती.

फेब्रुवारीत तपासणीचे साहेब आले. मुसळीची पानं पावसाळा सरला की वाळून जातात, कंद तेवढा मातीत राहतो. साहेबांना दिसला उघडाबोडका वाफा.

"सगळी मेली? उपटा हे. झेंडू लावा."

"मेले नाई साहेब, झोपले हायेत," सातवीतली एक पोरगी म्हणाली.

साहेब हसले. साहेब हसले म्हणून मीही हसलो. सगळं माहीत असून, दात काढून हसलो.

पोरांनी खोदलं. पांढरे, रसरशीत कंद वर आले. "हे काय?" साहेबांनी विचारलं. निदान आता तरी गप्प बसावं! पण बोलायच्या वेळी मुका आणि गप्प बसायच्या वेळी पोपट, ही माझी जुनी खोड. म्हटलं, "सफेद मुसळी, साहेब. फार ताकदीची." साहेबांना वनौषधींचं प्रेम तिथंच फुटलं. सगळे कंद जीपमध्ये गेले. वर्तमानपत्रात बांधून मीच दिले, सुतळीची गाठसुद्धा मीच मारली. उद्यानाला शेरा मिळाला, 'उत्तम'.

मंगळवारी बाई आली. झेंडूच्या रोपांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "तुले तं माहीत होतं ना, गुरुजी?"

"होतं," मी म्हटलं. लाज वाटली, पण लाजेला कंद फुटत नाहीत.

पुढच्या मंगळवारी ती कुंपणाच्या आत आलीच नाही. बाहेर मोहाच्या झाडाखाली बसली, पोरं तिकडे गेली. मीही गेलो आणि नेहमीसारखा मागं बसलो. ती बोलायची थांबली. पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी उठलो, फाटकातून आत आलो, आणि तेव्हा कुठं तिचा आवाज पुन्हा सुरू झाला.