तहसिलीत न घेतलेलं नाव

चुलते वारल्याचं पत्र हैदराबादला आलं तेव्हा मला दुःख झालं नाही, खोटं कशाला बोलू? कचेरीत नकला उतरवून माझी बोटं वाकडी झाली होती आणि उमापूरजवळची विहिरीसकट तीस एकर काळी जमीन आता मला मिळणार होती. चुलत्यांना मूलबाळ नव्हतं. बायको कधीच वारली होती.

शेतातल्या घराला तिकडे आखाडा म्हणतात. मी आखाड्यावर पोचलो तर दारात एक बाई उभी. तिशीची, कपाळ उघडं, हातात बांगडी नाही. पाय धुवायला पाणी देऊन ती चुलीकडे वळली. सोबत आलेल्या पाटलाने मला कडेला ओढलं.

"सायब, बाई मालकांनी राखलेली हाय. जपून ऱ्हावा."

दवंडी पिटली गेली होती. ज्याचा हक्क असेल त्याने महिन्याच्या आत तहसिलीत हजर व्हावं, नाहीतर विरासत माझ्या नावे मंजूर. रोज वाटे, कोणीतरी उपटेल. कोण, ते मात्र कळत नव्हतं.

तो महिना मी आखाड्यावर काढला. ती माझ्या बुटांना हसायची. "बुटात पाय कोंडल्यावर रान कळंल कसं?" म्हणायची. ऊन डोक्यावर आलं की भाकरी आणि ठेचा घेऊन विहिरीवर यायची. बोलता बोलता चुलत्यांचा विषय निघे. गडी त्यांना मालक म्हणत. ती नुसतं 'त्ये' म्हणे. "त्येंनी ही हीर पाडली." "त्येंला गोड लागायचं." मी ऐकत बसे. मी तिच्या प्रेमात पडलो होतो, त्याला दुसरा शब्द शोधून उपयोग नाही.

रोज दिवस कलताना ती बांधापाशी जाऊन बसायची. चुलत्यांना तिथेच अग्नी दिला होता. मला शहरी संशय. हिने दागिने पुरले असतील. एकदा ती ओढ्यावर गेलेली पाहून मी तिथला दगड सरकवला. खाली हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. काचेवर अजून मातीचा थर बसला नव्हता. मी माती परत लोटली आणि स्वतःला बजावलं की हे काहीच नाही. हिने चुलत्यांशी पाट लावला असेल, दुसरं लग्न केलं असेल, तर जमीन तिची, आणि ती माझी चुलती. दोन्ही मला नको होतं.

तारखेच्या सकाळी ती नवं लुगडं नेसून गाडीजवळ आली. "मी बी येते. तुमी असल्यावर मला कसलं भ्या?"

तहसीलदार उत्तरेकडून नुकतेच बदलून आलेले, मुन्शीही तिकडचाच. हक्कदार कोण, असं पुकारताच ती पुढे झाली.

"मी त्येंची बायको हाय. पाट लागलाय कपिलधारला."

"कुणाची बायको? मयताचं नाव सांग," मुन्शी तोडक्या मराठीत म्हणाला.

तिने पदर ओढला. त्याने पुन्हा विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

ती का पाहते आहे, हे मला लगेच कळलं. आमच्या आईने जन्मात वडिलांचं नाव उच्चारलं नाही. शिरगणतीवाला दारात आला की ती मला पुढे ढकलायची, "सांग रे." बाईला नवऱ्याचं नाव विचारलं की जवळचा माणूस ते सांगतो, एवढी साधी रीत. तिच्या जवळचा माणूस तिथे मी होतो. आमच्यासोबत आलेला पाटील खाकरला आणि छताकडे पाहू लागला. मी अर्जावर सही करताना बोटाला लागलेली शाई पुसत राहिलो.

"जिसे शौहर का नाम तक मालूम नहीं!" तहसीलदार हसले. विरासत मंजूर झाली.

परतताना ती गाडीत बसली नाही, मागून चालत आली. आखाड्यावर पोचताच मी बोलून टाकलं. म्हटलं, कुठे जाऊ नका, माझ्याशी पाट लावा, जमीन दोघांची होईल. मला खरंच वाटत होतं की मी मोठेपणा दाखवतो आहे.

तिने गाठोडं बांधलं. ओट्यावर येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. त्या दिवसापर्यंत ती मला 'सायब' म्हणायची. आता तिने माझं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, मान वर करून, गड्यांनाही ऐकू जाईल असं.

"भाकर टोपल्यात झाकून ठेवलीय," ती म्हणाली. "जेवा."