माधवराव ग्रेडर आणि दिपालीची उडी

सेलूत माधवरावांना नावानं कुणी विचारत नाही. ग्रेडर म्हटलं की रिक्षावाला थेट त्यांच्या दारात नेऊन सोडतो. कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी एकतीस वर्षं गाड्या तपासल्या, आणि पद्धत एकच. गाडीत खांद्यापर्यंत हात घालायचा, तळातला कापूस उपसून काढायचा, चिमूटभर धागा दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, प्रत मोठ्यानं सांगायची आणि मगच विचारायचं, गाडी कुणाची? कुणी नाव आधी सांगितलं तर असे खेकसायचे की त्या बिचाऱ्याला गाडी घेऊन परत जावंसं वाटायचं. माणूस सरळ, पण लय तापट. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ताप उतरला नाही. कापसाला हात लावायचा नाही म्हटल्यावर तो स्केटिंगच्या पंचांवर निघायला लागला.

आता म्हणाल, सेलूत स्केटिंग कुठून आलं? आणलं त्यांच्याच लेकीनं. उत्तरा शाळेत खेळाची शिक्षिका. चाकांचे बूट घालून गाण्याच्या तालावर उड्या आणि गिरक्या घ्यायच्या, तो प्रकार ती पुण्याच्या शिबिरात शिकून आली, पंचाची परीक्षाही पास झाली. शाळेच्या मागं लागून तिनं बुटांचे सात जोड मिळवले. मैदान कुठलं? तर कापसाचा हंगाम नसला की बाजार समितीचा लिलावाचा ओटा रिकामाच असतो. सिमेंट गुळगुळीत, वर पत्रे. माधवराव रोज सकाळी तिथं खुर्ची टाकून बसायला लागले. घरी टीव्हीवर बर्फावरचं स्केटिंग लागलं की त्यांचं जेवण ताटात निवायचं. ती परदेशी पोरगी उडीत पाव गिरकी कमी फिरली, हे पंचाला दिसलं नाही आणि मला सेलूत बसून दिसलं, असं म्हणून ते ताटावरून उठायचे. त्यांच्या बायकोनं, विमलकाकूंनी, शेवटी जेवणाच्या वेळी टीव्हीच बंद करून टाकला.

या ओट्यावरच दिपाली तयार झाली. धोंडीबा मेंढपाळाची नात. मूळ बोरीकडचं घर, पण मेंढरांचा वाडा सेलूच्या बाहेर, माळावर. पोरगी पहाटे वाड्यातलं झाडलोट उरकून सायकलीवर यायची. चार वर्षांत तिनं असा पाय बसवला की माधवराव म्हणायचे, बाकीच्या पोरी उडी मारतात, ही उडी घेते. वर जायची तेव्हा घाई नाही. फिरायची ती पुरी. उतरायची ती एका पायावर, गुडघा लवचिक, आणि उतरल्यावर थांबायची नाही, मागच्या मागं वाहत जायची. तिचं गाणं म्हणजे नुसता ढोल आणि झांज, तिच्या घरचे पुरुष जत्रेत ज्यावर गजी नाचतात तो.

पण या वर्षी गोष्ट खेळाची राहिली नव्हती. दिपालीनं दहावी काढली होती आणि तिच्या बापानं, रामकिशननं, साफ सांगून टाकलं होतं. राज्याच्या स्पर्धेला निवड झाली तर क्रीडा वसतिगृहात जागा मिळते, मग शिक खुशाल. न्हाई झाली तर दिवाळीनंतर कळपासंग निघायचं. तो काही राक्षस नव्हता. त्याची आई बानूबाई गुडघ्यांनी बसली होती आणि कळपामागं चालायला माणूस पाहिजेच होता. जिल्ह्यातून राज्याला एकच मुलगी जाणार होती.

परभणीला स्पर्धा झाली. माधवराव पहिल्या रांगेत, शेजारी त्यांचे दोस्त श्रीराम, शाळेतले निवृत्त कारकून. तीन पंचांपैकी एकजण आलाच नाही, तेव्हा आयोजकांनी ऐनवेळी उत्तराला खुर्चीवर बसवलं. परीक्षा पास झालेली दुसरी कुणी तिथं नव्हतीच. दिपाली उतरली. ढोल वाजला. दोन्ही उड्या एका पायावर, गिरक्या पुऱ्या, शेवटची उडी तर अशी उंच की चित्रण करणाऱ्या श्रीरामरावांच्या हातातला मोबाइल हलला. मग आली नीलम, परभणीचीच. चमचमता झगा, गोड गाणं, गोड हसणं. पहिली उडी बरी. दुसरीत दोन्ही पाय टेकले.

निकाल लागला. नीलम साडेसत्तेचाळीस, दिपाली सत्तेचाळीस. नुसती बेरीज वाचून दाखवली. दिपालीनं बूट सोडले, फडक्यानं चाकं पुसली आणि जोड पिशवीत घातला. नातीसोबत आलेला धोंडीबा एवढंच विचारत राहिला, "पडली न्हाई, झडली न्हाई, मग हारली कशी?" त्याला उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

माधवरावांचं डोकंच फिरलं. परतीच्या बसमध्ये त्यांचा आवाज ड्रायव्हरपर्यंत जात होता. श्रीरामरावांचं म्हणणं वेगळं पडलं. उड्या चांगल्या, कबूल, पण कला म्हणून काही असतं की नाही? पोरगी एकदाही हसली नाही, पंचांकडं पाहिलं नाही, गेली आणि काम उरकून आली. झालं, ठिणगीच पडली. माधवरावांनी ऐकवलं की हसण्याला मार्क द्यायचे तर सोंगाड्याला पहिला नंबर द्या. ढोलाची थाप पडते त्याच क्षणी तिचा पाय पडतो, हात खांद्यापासून उघडतो, ती कला नाही तर काय? झगा चमकतो ती? श्रीरामराव म्हणाले, पाहणाऱ्याला आनंद व्हायला पाहिजे. माधवराव म्हणाले, मला झाला, तुमची नजर झग्यात अडकली होती. मानवतच्या फाट्यापासून सेलूपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढचे आठ दिवस माधवरावांनी घर डोक्यावर घेतलं. श्रीरामरावांचाच मोबाइल मागून आणला आणि नीलमची दुसरी उडी थांबवून थांबवून चाळीस वेळा पाहिली. दूधवाल्याला दाखवली, केस कापणाऱ्याला दाखवली. हे बघ, दोन पाय, मोज. परभणीचे पंच परभणीच्या पोरीला ओढणारच, असली बेइमानी मी कापसात चालू दिली नाही, हे रोजचं तुणतुणं. उत्तरा ऐकायची आणि वह्या तपासत बसायची. जेवायचीही कमी. विमलकाकूंना वाटलं, पोरीला शिष्येच्या हरण्याचा घोर लागलाय.

शेवटी माधवरावांनी संघटनेकडं लेखी अर्ज केला, तिन्ही पंचांचे कागद दाखवा. आणि स्वतः परभणीला जाऊन बसले. कार्यालयातल्या बाईंनी, सत्यशीला त्यांचं नाव, कसलीही खळखळ न करता तिन्ही कागद पुढं ठेवले. माधवरावांनी चष्मा पुसला आणि परभणीच्या दोन पंचांचे आकडे आधी पाहिले. दिपालीच्या उडीला पहिल्यानं नऊ दिलेले, दुसऱ्यानंही नऊ. सादरीकरणाला दोघांचेही साडेसात. नीलमची दुसरी उडी दोघांनीही कापली होती. ज्यांच्या नावानं आठ दिवस बोटं मोडली, त्यांनी माप नीट घातलं होतं. तिसऱ्या कागदावर उडीला आठ. सादरीकरणाला सहा. खाली सही उत्तराची.

त्यांनी ती सही तीनदा पाहिली. सत्यशीलाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. इतर दोघांइतकेच मार्क पडले असते तर दिपाली दोन मार्कांनी पुढं होती, ही बेरीज त्यांनी कागदाशिवायच केली.

घरी आले तेव्हा उत्तरा ओसरीवर होती. चप्पल न काढताच त्यांनी विचारलं. तिनं नाकारलं नाही. म्हणाली, ऐनवेळी खुर्चीवर बसवलं, समोर आपलीच पोरगी. मागं लोक कुजबुजायला लागले होते, मॅडम स्वतःच्या शिष्येला निवडून आणणार. उडीला नऊ लिहिले होते, ते खोडून आठ केले. सादरीकरणाला हात आणखी आखडला. बाकीचे दोघं देतीलच, आपण कमी दिले तरी ती निवडून येईल, मग कुणाला बोलायला जागा राहणार नाही, असा हिशेब केला. तो हिशेब अर्ध्या मार्कानं चुकला.

माधवराव कडाडले. तुझी इज्जत सांभाळायला पोरीचं वर्ष खाल्लंस, म्हणाले. नजरेनं जे दिसतं त्याच्यापेक्षा कमी लिहिणं ही बेइमानीच आहे, जास्त लिहिण्याइतकीच. विमलकाकू मधे पडायला आल्या, त्यांनाही त्यांनी गप्प केलं.

उत्तरानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अण्णा, भगवानकाकांची गाडी आली होती, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

माधवरावांना ती गाडी आठवली. सख्ख्या भावाची गाडी. बैल ओळखीचे, त्यामुळं नाव विचारायची गरजच नव्हती. कापूस पांढराशुभ्र, धागा लांब. भोवती पन्नास शेतकरी पाहत होते. त्यांनी भावाला एक प्रत खालची लावली. सगळं केंद्र वाहवा करत राहिलं, आणि पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत माधवरावांनी ती गोष्ट स्वतःच सांगितली. उत्तरा ती ऐकत लहानाची मोठी झाली. भगवानराव त्या दिवसानंतर सेलूच्या केंद्रावर कधी आला नाही, कापूस जिंतूरला न्यायला लागला. हे मात्र त्यांनी कोणत्याच पंगतीत सांगितलं नव्हतं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरानं संघटनेला पत्र लिहिलं, मी गुण मुद्दाम कमी दिले, माझं पंचपद काढून घ्या. दोन दिवसांनी सकाळीच फोनवर उत्तर आलं की पंचपद जाईल, पण राज्याची यादी परवाच गेली, आता बदलता येत नाही. मग ती म्हणाली, मला वाड्यावर जायचंय. माधवराव स्कूटरवर मागं बसले.

माळावर सकाळचं ऊन पडलं होतं. धोंडीबा कोकरांना पाजण्यासाठी सोडत होता. बानूबाई बाजेवर पाय लांब करून बसली होती, तिनं बसायला घोंगडं टाकायला सांगितलं. उत्तरा बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं, नऊ कसे खोडले, सहा का लिहिले, लोक काय म्हणत होते. धोंडीबाला आकडे कळले नाहीत, पण गोष्ट कळली. तो माधवरावांकडं पाहायला लागला आणि माधवरावांना मान वर करता येईना. आठ दिवस साऱ्या गावाला ओरडून सांगितलं होतं, अन्याय झाला म्हणून. तो आपल्याच घरातून निघाला होता.

दिपालीनं हातातली बादली खाली ठेवली.

"उडी कशी होती, मॅडम?"

"त्या मैदानावरची सगळ्यात चांगली," उत्तरा म्हणाली.

"तुमाला तवा दिसली होती तशी?"

"दिसली होती. पण लोक होते, दिपाली. लोक..."

"लोक त्याच दिवशी आपापल्या घरी गेले, मॅडम," दिपाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मेंढरामागं मी जायलेय."