न लावलेली रोपं

माझी धाकटी जाऊ कौतुक सोबत घेऊनच जन्माला आली असावी. ती घरात आली आणि सासूबाईंना माझा चहा एकाएकी पांचट लागू लागला. घरापुरतं मी चालवूनही घेतलं असतं. पण मी गावाबाहेरच्या दलदलीत कामाला जाते, तर तीही तिथंच लागली.

त्या दलदलीत बाहेरून आलेल्या एका गवताने ठाण मांडलंय. इथली मूळची रोपं त्याच्याखाली गुदमरून गेली. मी ते गवत कापते, वर काळं प्लास्टिक अंथरते, कडांवर दगड ठेवते. वर्षभर उजेड मिळाला नाही की ते मुळासकट मरतं. मग मोकळ्या चिखलात धाकटी इथलीच रोपं लावते. म्हणजे हात कापून घ्यायचे मी आणि फुलं फुलवायची तिने. बघायला येणारी माणसं तिच्या वाफ्यांचे फोटो काढतात. एकाने तर मला फोटोतून बाजूला सरकायला सांगितलं. अंगाचा तिळपापड झाला. कुणीतरी एकदाच माझ्या कामाला छान म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

यंदा टोकाकडचं प्लास्टिक काढलं. तिथं कुणी काही लावायच्या आतच लव्हाळे उठले, मागोमाग निळी फुलं आली. कितीतरी वर्षं चिखलात दबलेलं बी उजेड मिळताच उगवलं होतं.

कामावरच्या आमच्या मोठ्या बाई पाहणीला आल्या आणि त्यांनी सरळ धाकटीची पाठ थोपटली.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "ही जागा ताईंची. मी इथं एक रोपसुद्धा लावलेलं नाही."

झालं. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि धाकटीच्या प्रामाणिकपणाचं पुराण लावलं. संध्याकाळी ते घरीही पोचलं. मन मोठं लागतं त्याला, सासूबाई म्हणाल्या. फुलं माझी, आणि त्यांचंही कौतुक हिनेच पटकावलं.

भांडी घासताना ती एकच पातेलं घासत राहिली. आता आणखी काय कमी पडलं, मी विचारलं.

"ताई, माझी निम्मी रोपं मरतात. एकेक जगवताना मेटाकुटीला येते मी. तुम्ही नुसतं प्लास्टिक उचललंत. ती फुलं बघितल्यापासून जळतेय मी तुमच्यावर."

मी नळ बंद केला. "काय म्हणालीस?"

ऐकू आलं होतं. पण पुन्हा ऐकायचं होतं.