बायको बॅटरीच्या ऑटोतून आली

मित्रहो, आज जाम जळलो, म्हणून लिहून राह्यलो.

ब्रह्मपुरीच्या बस स्टँडवर मी माझा डिझेल ऑटो घेऊन उभा होतो. माझी बायको बाजार करून आली आणि सरळ शेजारच्या रमेशच्या नव्या बॅटरी ऑटोत बसून गावी गेली!

घरी विचारलं, "काऊन वं, माझा ऑटो दिसला नाई का?"

"दिसला. पण डिझेलच्या वासानं मले मळमळते."

"कधीपासून?"

"लग्नापासून. तुमच्या पोटापाण्याचा धंदा, म्हणून बोलली नाई."

संध्याकाळी रमेशच्या ऑटोत बसून पाह्यलं. खरंच वास नाई. आणखीच जळलो.

जमिनीतलं तेल एक दिवस संपणार, हे मलेही माहीत आहे. माझे पॅसेंजर त्याच्या आधी संपतील, असं वाटलं नव्हतं.

माझ्या ऑटोत बसणाऱ्यांनो, खरं सांगा, तुम्हालेही मळमळते का?